एमआरआयमध्ये पांढरे ठिपके आलेत, आईला सांगू की नको?

या महिन्यात सदरासाठी जे प्रश्न आले त्यात एकच शब्द पुन्हापुन्हा दिसला, हायपरइंटेन्सिटी. कुणी तो हाताने उतरवून काढलाय, कुणी रिपोर्टचा फोटो पाठवलाय, एका ताईंनी तर त्याच्यापुढे फक्त "म्हणजे कॅन्सर का?" एवढंच लिहिलंय. मी नाशकात रेडिओलॉजिस्ट आहे, हे शब्द रोज मीच लिहिते, आणि ज्याच्या डोक्याबद्दल लिहिते तो माणूस बहुतेक वेळा मला भेटतसुद्धा नाही. तो फिल्मची पिशवी घेऊन घरी जातो, डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची असते, आणि ते चार दिवस मोबाईलवर शोधण्यात आणि घाबरण्यात जातात. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला देतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही नाशिकरोडला राहतो. आई 66 वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे पण मधेमधे सोडते, आणि मिश्री लावायची जुनी सवय आहे. चक्कर येते म्हणून एमआरआय केला तर रिपोर्टमध्ये आलंय, पेरीव्हेंट्रिक्युलर आणि डीप व्हाइट मॅटरमध्ये मल्टिपल टी-टू फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज, क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड टू. भाऊ म्हणतो मेंदूत ब्लॉकेज झालेत, वहिनी म्हणते आता आई हळूहळू सगळं विसरणार. आईला आम्ही सांगितलं की रिपोर्ट नॉर्मल आहे, पण ती आमचे चेहरे बघते आणि रात्री झोपत नाही. तिला सांगू का? आणि हे ठिपके जातील का?

उत्तर: आईंना सांगा. आजच सांगा, कारण यावर जो खरा उपाय आहे तो आईंच्याच हातात आहे आणि त्यांना माहितीच नसेल तर त्या गोळी पुन्हा सोडणार. आणि तुम्ही लपवलेलं त्यांना कळलेलं आहेच, फक्त काय लपवलंय ते कळलेलं नाही, त्यामुळे त्या मनात याहून कितीतरी वाईट काहीतरी धरून बसल्या असतील.

आता तो शब्द. हायपरइंटेन्सिटी म्हणजे आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त उजळ दिसणारी जागा, बस इतकंच, ते कुठल्या आजाराचं नाव नाही. एमआरआयचं मशीन आपल्या शरीरातल्या पाण्याचा, म्हणजे पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडतं. टी-टू नावाच्या प्रकारात जिथे मोकळं पाणी जास्त तिथे चित्र पांढरं दिसतं. पण मेंदूच्या आत आणि भोवती तर नैसर्गिकच पाणी असतं, तेही पांढरं दिसतं आणि त्याच्या शेजारचा छोटा ठिपका त्यात हरवून जातो, म्हणून फ्लेअर नावाचा दुसरा प्रकार घेतात, त्यात ते मोकळं पाणी मुद्दाम काळं केलं जातं आणि मेंदूच्या पेशीजालात जिथे नेहमीपेक्षा जास्त ओलावा आहे तेवढंच उजळून दिसतं. भिंतीवर ओल आलेली आपण बघतो ना तसं समजा. ओल दिसली म्हणजे इथे पाणी मुरलंय एवढं नक्की कळतं, पण ते गच्चीवरून आलं, नळाच्या पाइपमधून आलं की शेजाऱ्याच्या मोरीतून आलं हे नुसत्या डागावरून सांगता येत नाही, घर कधीचं, डाग कुठल्या भिंतीला, पावसाळ्यात वाढतो का हे सगळं विचारावं लागतं. आमच्या रिपोर्टखाली क्लिनिकल कोरिलेशन असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच, की मी डाग बघितलाय, आता माणसाला बघणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही जोडून बघावं.

तुमच्या आईंच्या बाबतीत वय, बीपी, मिश्री आणि ठिपक्यांची जागा हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय, बारीक रक्तवाहिन्यांचा आजार. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे व्हाइट मॅटरला, रक्त पोचवणाऱ्या नळ्या लांब आणि अतिशय बारीक असतात आणि पुढे त्यांना दुसऱ्या नळीचा फारसा आधार नसतो. आपल्याकडे द्राक्षबागेत ड्रिप असतं, त्यात प्रेशर नीट नसेल किंवा नळीत क्षार साचले तर आधी कुठली झाडं सुकतात? लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या बारीक नळीच्या, शेवटच्या टोकाची. तसंच इथे. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की या नळ्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, टोकाच्या भागाला रक्त कमी पडतं, नळीच्या भिंतीतून थोडं पाझरतंही, तिथलं मायलिन म्हणजे नसांच्या धाग्यांवरचं आवरण विरळ होतं आणि त्या जागी ओलावा वाढतो. तो ओलावा म्हणजे तुमच्या रिपोर्टमधले ठिपके. त्यामुळे भाऊ म्हणतात तसं हृदयाच्या मोठ्या नळीत असतं तसलं ब्लॉकेज हे नव्हे, की आत बलून घालून उघडावं.

फझेकास ही 1987 साली ऑस्ट्रियन डॉक्टर फ्रान्झ फझेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली मोजपट्टी आहे, शून्य ते तीन. एक म्हणजे सुटे बारीक ठिपके, दोन म्हणजे ठिपके एकमेकांना मिळायला लागलेत, तीन म्हणजे मोठे सलग पट्टे. त्याच 1987 मध्ये कॅनडातल्या व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बदलांना ल्यूकोअरायोसिस असं नाव दिलं, जुन्या रिपोर्टांमध्ये अजून सापडतं ते, त्याचा अर्थ फक्त पांढरा भाग विरळ झालाय एवढाच, आणि कारणाचा दावा न करणारं नाव त्यांनी जाणूनबुजून निवडलं होतं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

हे किती जणांना असतं तेही ऐका. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या अभ्यासात 60 ते 90 वयाच्या 1077 लोकांचे मेंदूचे स्कॅन केले, त्यात एकही ठिपका नाही असे लोक फक्त 5 टक्के निघाले. म्हणजे साठीनंतर थोडेफार ठिपके असणं हे केस पांढरे होण्याइतकं सर्रास आहे. पण म्हणून ग्रेड टू सोडून द्या असं मी म्हणणार नाही. ठिपके जितके जास्त आणि सलग तितकी पुढे पॅरालिसिसचा झटका येण्याची, चाल मंदावण्याची, विचार करायला वेळ लागण्याची शक्यता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. वहिनींना सांगा, शक्यता वाढते म्हणजे ठरलेलं नाही, ग्रेड टू असून स्वतःचा हिशोब स्वतः चोख ठेवणारे कितीतरी लोक आहेत.

ठिपके पुसले जातील का, तर सहसा नाही. वाढायचे थांबवता किंवा सावकाश करता येतात, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा बीपीचा. अमेरिकेत स्प्रिंट नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यातल्या मेंदूच्या भागाचे निकाल 2019 मध्ये आले. वरचं बीपी 120 च्या खाली ठेवायचं ध्येय असलेल्या गटात जवळपास 4 वर्षांत ठिपक्यांचा आकार सरासरी 0.92 घन सेंटीमीटरने वाढला, आणि 140 च्या खाली ध्येय असलेल्या गटात 1.45 ने. वाढ दोन्हीकडे झाली, पण फरक बघा. आता यावरून घरच्या घरी गोळी डबल करू नका, त्या अभ्यासात शुगरवाले पेशंट घेतले नव्हते, आणि वयस्कर माणसाचं बीपी उठल्यावर एकदम पडलं तर पडून खुबा मोडतो. आईंचा आकडा किती हवा ते डॉक्टरांनी ठरवू दे, तुम्ही घरी दंडाचं डिजिटल मशीन घ्या, पाच मिनिटं शांत बसवून सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडेल हे मी स्वतः रिपोर्ट लिहिणारी सांगतेय.

मिश्री बंद. ती तंबाखूच आहे, भाजून पूड केली म्हणून औषध होत नाही. अनेक घरांत मुलं दारू-सिगरेटवर बोलतात आणि आईच्या मिश्रीकडे बघतही नाहीत, दातासाठी लावते म्हणून सोडून देतात. एकदम सुटणार नाही, तलफ येईल, चिडचिड होईल, तेव्हा रागावू नका. शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, लोणचं-पापड कमी करा, रोज चालणं ठेवा.

रक्त पातळ करायची गोळी, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, नुसत्या ठिपक्यांसाठी कुणी सुचवली तर डॉक्टरांना परत विचारा. आधी झटका आलेला नसेल आणि हृदयाचं वगैरे दुसरं कारण नसेल तर फक्त या ठिपक्यांसाठी ती देऊ नये असंच युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनने 2021 मध्ये सांगितलंय, कारण फायदा दिसत नाही आणि रक्तस्त्रावाचा धोका मात्र असतो. आणि आधीपासून कुठल्या कारणासाठी चालू असेल तर स्वतःहून बंदही करू नका. स्मरणशक्तीच्या महागड्या टॉनिकांवर पैसे घालू नका, त्या पैशात बीपीचं मशीन येतं.

एक राहिलंच, चक्कर. ती या ठिपक्यांमुळेच आहे असं धरून बसू नका. कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद सगळं गरगर फिरतं अशी चक्कर असेल तर ती बहुतेकदा कानातली असते आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून एकदोन वेळातच बरी होते. ठिपके सापडले की सगळं खापर त्यांच्यावर फुटतं आणि बरी होणारी चक्कर तशीच राहून जाते.

माझ्या आईचा स्कॅन मीच बघितला होता, ग्रेड टू होता. इतकी वर्षं हे काम करूनसुद्धा त्या दिवशी मी स्क्रीनसमोरून उठून बाहेर गेले होते, त्यामुळे तुमची झोप उडणं मला कळतं. तिला दोन दिवसांनी सांगितलं, तर म्हणाली, मग गोळी चुकवायची नाही एवढंच ना.

प्रश्न: मी 33 वर्षांची आहे, गंगापूर रोडला क्लासमध्ये शिकवते. दहावीपासून अर्धशिशी आहे, दुखलं की मेडिकलमधून गोळी आणून घेते, आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा येतात आणि मग अर्धं डोकं ठणकतं, उलटी होते. या वेळी जास्तच दुखलं म्हणून एमआरआय केला, त्यात फ्यू टायनी नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज असं आहे आणि शेवटी डिमायलिनेशन रूल आउट करावं असं लिहिलंय. शोधलं तर मल्टिपल स्क्लेरॉसिस आलं, व्हीलचेअरवरचे फोटो आले. लग्नाला दीड वर्ष झालंय, घरी कुणालाच बोलले नाहीये.

उत्तर: ताई, आधी ते फोटो बघणं बंद करा. तुम्ही जे वर्णन केलंय ती ऑरा असलेली मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी आहे, त्या चमकणाऱ्या रेषांनाच ऑरा म्हणतात, आणि मायग्रेन असणाऱ्यांच्या, विशेषतः बायकांच्या, स्कॅनमध्ये असे बारीक सुटे ठिपके इतरांपेक्षा जास्त सापडतात ही जुनी माहिती आहे. नेदरलँड्समधल्याच एका गटाने मायग्रेनवाल्यांचे स्कॅन केले, 2004 मध्ये निष्कर्ष छापले, आणि त्याच लोकांना 9 वर्षांनी पुन्हा बोलावून स्कॅन केले. बायकांमध्ये ठिपके थोडे वाढलेले दिसले, पण त्या वाढीचा स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती कमी होण्याशी संबंध सापडला नाही.

मग डिमायलिनेशन, म्हणजे मायलिन खराब होणं, रूल आउट करा, म्हणजे ते नाही याची खात्री करा, असं का लिहिलं? कारण लिहिणाऱ्याला तुमची गोष्ट माहिती नव्हती. आमच्या हातात जी चिठ्ठी येते तिच्यावर कित्येकदा फक्त डोकेदुखी एवढंच असतं, वय 33, बाई, ठिपके, मग आपण एखादा आजार सुटू नये म्हणून ती ओळ घालतो. मी पण घातलीय. अलीकडे मी पेशंटला बाहेर जाऊन दोन मिनिटं विचारते, नागमोडी रेषा दिसतात का एवढं कळलं तरी रिपोर्ट वेगळा लिहिला जातो. ही चूक आमच्या बाजूची आहे, आणि तिचा त्रास तुम्ही भोगताय याचं मला वाईट वाटतं.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करते तो आजार, आणि त्याचे ठिपके बघायला वेगळे असतात. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला अगदी चिकटून, लांबुळके, पोकळीवर उभे बोटं ठेवल्यासारखे, त्यांना डॉसन्स फिंगर्स म्हणतात, शिवाय मेंदूच्या सालीला लागून, लहान मेंदूत, ब्रेनस्टेममध्ये, मणक्यातल्या मज्जारज्जूत. मायग्रेनचे बहुतेक मधल्या भागात, टिकलीएवढे, एकमेकांपासून लांब असतात. आणि नुसत्या चार ठिपक्यांवर एमएस ठरवत नाहीत, मॅकडॉनल्ड क्रायटेरिया म्हणून नियम आहेत, 2001 पासून, वेळोवेळी सुधारलेले, त्यात आजाराने वेगवेगळ्या ठराविक जागी हल्ला केलाय हे दाखवावं लागतं, आणि बाकीचे पुरावेही जोडून बघतात.

म्हणून स्वतःला विचारा. कधी एका डोळ्याची नजर काही दिवस धूसर झाली होती का, डोळा फिरवताना दुखत होतं का? हात, पाय किंवा कमरेखालचा भाग 24 तासांपेक्षा जास्त सलग बधिर राहिला होता का, चालताना तोल जायचा का, लघवीवरचा ताबा गेला होता का? मान खाली वाकवल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का? यातलं काही असेल तर न्यूरोलॉजिस्टना नक्की सांगा, ते कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन पुन्हा एमआरआय, मज्जारज्जूचा एमआरआय किंवा पाठीतलं पाणी तपासायला सांगतील. आणि खरंच एमएस निघाला तरी आज त्याला चांगली औषधं आहेत, लवकर सुरू केली तर जास्त उपयोग होतो. यातलं काहीच नसेल तर तुमच्यासाठी मायग्रेनचा नीट उपचार हाच मुद्दा आहे, आणि मला वाटतं तोच झालेला नाही, दहावीपासून तुम्ही मेडिकलमधून गोळी आणून ढकलताय असं पत्रावरून दिसतंय. महिन्यामागून महिने, दर महिन्यात दहा-पंधरा दिवस पेनकिलर घेतली तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागू शकतं.

अजून एक, हे मनावर घ्या. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये इस्ट्रोजन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, स्ट्रोकचा धोका वाढतो. तुमचं लग्न नवीन आहे म्हणून मुद्दाम लिहितेय, घेत असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑराबद्दल स्पष्ट सांगा, दुसरे भरपूर पर्याय आहेत. आणि नवऱ्याला सांगा हो, एकटीने हे वागवू नका.

प्रश्न: वडिलांचा एमआरआय दोन ठिकाणी केला, एकाने तीन ठिपके लिहिले, दुसऱ्याने मल्टिपल. कोण खोटं बोलतंय?

उत्तर: कुणीच नाही. एका मशीनच्या चुंबकाची ताकद दीड टेस्ला असेल, दुसऱ्याची तीन, एकाने पाच मिलिमीटरच्या जाड चकत्या घेतल्या असतील तर दुसऱ्याने एक मिलिमीटरच्या, बारीक चकतीत जास्त दिसतं. शिवाय मल्टिपल हा शब्द कोण चारला वापरतो, कोण दहाला. यापुढे शक्यतो एकाच मशीनवर करा आणि जुनी सीडी बरोबर न्या, रिपोर्टचा कागद नुसता नको, चित्रं हवीत, कारण मागच्यापेक्षा वाढलंय का एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तर निम्मं काम होतं. नाशकात बघते मी, लोक फिल्म गादीखाली ठेवतात आणि तपासणीला येताना घरी विसरतात.

प्रश्न: निफाडहून लिहितोय. पुतण्या 19 वर्षांचा आहे, शेतावर काम करताना फिट आली, तोंडाला फेस आला. एमआरआयमध्ये 9 मिलिमीटरची रिंग एन्हान्सिंग लिजन आणि भोवती हायपरइंटेन्सिटी, सूज आहे असं लिहिलंय. गावात सगळे ट्यूमर म्हणतायत. आम्ही माळकरी आहोत, घरात कधी मटण शिजलेलं नाही, तर डॉक्टर म्हणतात डुकरातल्या कृमीचं असू शकतं. हे कसं शक्य आहे?

उत्तर: काका, शक्य आहे, आणि यात तुमच्या माळेचा किंवा घरच्या सोवळ्याचा काही दोष नाही. या कृमीचा प्रवास दोन प्रकारे होतो. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी होतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, आणि ती अंडी पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, कोथिंबीर-मुळ्यातून, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातातून ज्याच्या पोटात जातात त्याच्या मेंदूत गाठ होते. म्हणजे मेंदूतला आजार अंडी पोटात गेल्याने होतो, मांस खाल्ल्याने नव्हे, म्हणून आपल्या देशात अगदी शाकाहारी घरातली मुलंसुद्धा यात सापडतात.

तरुण मुलगा, पहिली फिट, दोन सेंटीमीटरपेक्षा लहान एकच रिंग, म्हणजे कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शननंतर फक्त कड उजळणारी गाठ, यात ट्यूमरची शक्यता बरीच खाली असते. एकेकाळी अशा रिंगला सरसकट टीबीची गाठ समजून औषधं द्यायचे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या न्यूरोसर्जननी तपासून दाखवून दिलं की यातल्या पुष्कळशा या कृमीच्या मरत चाललेल्या गाठी असतात आणि काही महिन्यांत आपोआप विरतात. टीबीही असू शकतो, म्हणून न्यूरोलॉजिस्ट आकार, सूज, रिंगच्या आत ठिपका दिसतो का, छातीचा एक्स-रे असं सगळं बघून ठरवतील, आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतील. भोवतीची पांढरी हायपरइंटेन्सिटी ही गाठीभोवतीची सूज आहे, ती वेगळी गाठ नाही.

फिटची गोळी एकही चुकवायची नाही. कृमीचं औषध स्वतः आणून देऊ नका, मेंदूतली गाठ एकदम मेली की सूज वाढते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ट्रॅक्टर नाही, मोटरसायकल नाही, विहिरीवर एकट्याने जायचं नाही, रात्री मोटर चालू करायला एकट्याला पाठवू नका. पुन्हा फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा कांदा-चप्पल काही नको, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन. आणि पोराचं लग्न कसं होणार असं जे कुणी आत्तापासून बोलतंय त्यांना त्याच्यासमोर बोलू देऊ नका, 19 वर्षांचा आहे तो, ऐकतो सगळं.

प्रश्न: अंबड एमआयडीसीत शिफ्टला काम करतो, वय 44, शुद्ध शाकाहारी, शुगरची मेटफॉर्मिन गोळी सहा वर्षं चालू. पायाला मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. मग मला काहीच झालेलं नाही का?

उत्तर: दादा, झालंय, बहुतेक आपण चुकीच्या जागी बघितलंय. शाकाहारी आहार, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेत असाल तर तीही, ही सगळी बी-ट्वेल्व्ह कमी करणारी कारणं आहेत. ते कमी झालं की मायलिन बिघडतं, आणि मेंदूच्या आधी बऱ्याचदा पायांच्या नसा आणि मज्जारज्जूचा मागचा भाग बिघडतो, मानेच्या-पाठीच्या एमआरआयमध्ये तिथे उलट्या व्ही अक्षरासारखी उजळ खूण दिसू शकते. अंधारात तोल जातो कारण पाय कुठे पडलाय हे मेंदूला कळवणारी वाट तीच असते, उजेडात डोळे सांभाळून घेतात. शुगरमुळेही पायाला मुंग्या येतात, दोन्ही एकत्र असू शकतात. आधी रक्तातलं बी-ट्वेल्व्ह तपासा, ही स्कॅनपेक्षा कितीतरी स्वस्त तपासणी आहे. कमी निघालं तर इंजेक्शनं घ्या, आणि फक्त फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांवर राहू नका, त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र बिघडत राहतात. उशीर केला तर सगळं भरून येत नाही, म्हणून पुढच्या सुट्टीची वाट बघू नका.

प्रश्न: तीन महिन्यांत तीन वेळा एमआरआय झाला, रेडिएशनने काही होईल का? देवळाली कॅम्प.

उत्तर: नाही. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच, ते सीटी स्कॅनमध्ये असतात. इथे चुंबक आणि रेडिओ लहरी, दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण 30 हजार पट. धोका असतो तो धातूचा, म्हणून पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं मशीन, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का हे आत जाण्यापूर्वी सांगा, कारखान्यात ग्राइंडिंग करणाऱ्यांनी तर हमखास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा.

प्रश्न: एवढं सगळं साधं असतं म्हणता, मग रिपोर्टमध्ये काय दिसलं तर थांबायचं नाही?

उत्तर: सगळं साधं असतं असं मी म्हटलेलं नाही, पण प्रश्न फार चांगला आहे. रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन किंवा अ‍ॅक्यूट इन्फार्क्ट हे शब्द दिसले तर ते ठिपके जुने नाहीत, बहुतेक वेळा ताजा स्ट्रोक असतो, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, चार दिवसांनंतरची अपॉइंटमेंट चालणार नाही. हेमरेज (रक्तस्त्राव), मिडलाइन शिफ्ट (मेंदू एका बाजूला सरकणं), हायड्रोसेफॅलस (मेंदूतल्या पोकळीत पाणी साचणं), व्हीनस सायनस थ्रॉम्बोसिस (मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी), यांनाही तेच. शेवटचं जे लिहिलं ते बाळंतिणींमध्येही होतं, बाळंतपणानंतर काही आठवडे डोकं सतत आणि रोज वाढत दुखत असेल, उलट्या, झटके किंवा नजर धूसर होत असेल तर वारं लागलं म्हणून डोक्याला फडकं बांधून घरी ठेवू नका.

आणि कितीतरी वेळा रिपोर्ट हातात यायच्या आधीच माणूस सांगत असतो. तोंड एकदम वाकडं झालं, हात वर उचलता येईना, बोलताना शब्द अडखळायला लागले, एका डोळ्यापुढे अंधार आला, तर घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा ठणठणीत किती वाजता होता ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी करायचा असतो. सिन्नर, येवला किंवा इगतपुरीहून निघणाऱ्यांचा प्रवासातच तास-दीड तास जातो, त्यामुळे मालिश, लिंबूपाणी, गावातल्या ओळखीच्या माणसाला दाखवणं यात वेळ घालवू नका, 108 ला फोन करताना सीटी स्कॅन आणि न्यूरोची सोय चोवीस तास आहे अशाच दवाखान्यात न्या असं सांगा, आणि निघताना जुन्या गोळ्यांची पिशवी आणि ती गादीखालची फिल्म बरोबर घ्या.